कोटातली खोट

या सगळ्या व्यवहारात थोरलीला मिळण्यासारखं काय होतं, तर हातभर रुंद आणि दोन हात उंच उजेड. तोही नवा नव्हे. रोज सकाळी खिडकीतून आत येऊन तिच्या मांडीवर पडायचा तोच, पुढेही पडत राहावा एवढंच. नव्याच्या मागे लागायचा तिचा स्वभावच नव्हता. तिचं सगळं घर जुन्यावर चाललं होतं.

दुकान जुन्या कपड्यांचं. दोघे भाऊ गावोगाव फिरून गठ्ठे आणत, आणि दोघी जावा दुकान सांभाळत. धाकटी पुढे गल्ल्यावर बसे, कारण तिला बोलता येत होतं. थोरली मागच्या खोलीत खिडकीशी बसे, कारण तिला गप्प बसता येत होतं. ही वाटणी कुणी केली नव्हती. स्वभावांनी आपापल्या जागा धरल्या होत्या.

जुन्या कपड्यात जे काही बिघडलेलं असतं त्याला या घरात एकच शब्द होता. खोट. निसटलेलं बटण ही खोट, उसवलेली काख ही खोट, कसरीनं खाल्लेलं स्वेटर म्हणजे खोटीच खोटी. "यात किती खोटी?" धाकटी पुढून ओरडायची. "तीन. दुपारपर्यंत होईल," थोरली मागून सांगायची. दोघींचं दिवसभराचं बोलणं बरेचदा एवढ्यावरच भागे, आणि म्हणूनच इतकी वर्षं एका चुलीवर निभावलं, असं धाकट्या भावाचं मत होतं. ते तो दोघींपुढे बोलून दाखवत नसे.

थोरलीची रीत अशी की बाहेरचं काही आणायचं नाही. कपड्याची खोट कपड्यातूनच भागवायची. कोपर विरलं तर आतल्या दुमडीतले धागे ओढायचे आणि त्यांनीच ते विणायचं. शर्टाचं गळ्यापाशीचं बटण गेलं तर सगळ्यात खालचं, पँटीत खोचलं जाणारं बटण काढून वर लावायचं, आणि खाली कुठलंही. "जाऊबाई, तुम्ही आतल्या गरिबाला लुबाडून बाहेरच्या श्रीमंताला नटवता," धाकटी म्हणायची. थोरली दातांनी दोरा तोडून म्हणायची, "आतल्याला कुणी पाहतं का? मग त्याला कशाला नटवू?"

मागच्या दाराला दोन खुंट्या होत्या. डावीवर खोटीचे कपडे, उजवीवर झालेले. डाव्या खुंटीवर जे लटकलं ते थोरलीच्या हातून सुधारून उजवीवर जाणार आणि तिथून पुढे विक्रीला लागणार, यात बदल नाही. एकदा थोरल्या भावानं सवयीनं आपलंच स्वेटर डावीवर अडकवलं आणि जेवायला गेला. परत आला तेव्हा स्वेटरची कोपरं नीट झाली होती, बाह्या घट्ट झाल्या होत्या आणि ते कुणाच्या तरी अंगावर बसून गल्लीच्या टोकाला पोचलं होतं. भाऊ तो हिवाळा बायकोच्या शालीत काढून शहाणा झाला. बाकीच्यांना मात्र खुंटीचा नियम कुणी सांगितला नव्हता.

त्या सोमवारी घरमालक गवंड्याला घेऊन आले. ऊन कडक होतं, म्हणून त्यांनी कोट अंगातून काढून हातावर टाकला होता. मालक आजवर यायचे ते पुढच्या दारी, भाडं घ्यायला; थोरलीला ते आवाजानंच जास्त ओळखीचे होते. त्या दिवशी पहिल्यांदा ते मागे आले.

"वहिनी, ही खिडकी बुजवायची आहे," त्यांनी आल्या आल्या सांगितलं.

"अं?"

"भिंतीला लागून बाहेर शेड काढतोय. मेहुण्याचा माल ठेवायचाय. शेड झाली की तशीही खिडकीतून मेहुण्याची खोकीच दिसणार. त्यापेक्षा बुजवलेली बरी. नाही का?"

"पण मग मला दिसायचं कसं?"

"दिवा लावा की! दिव्याला काय झालं?"

दिव्याला काय झालं हे मालकांना सांगून समजणारं नव्हतं. दिव्याखाली काळा आणि गडद निळा एकच दिसतात. निळ्या कोटात काळा धागा भरून बसायचं आणि गिऱ्हाइकानं रस्त्यावर गेल्यावर परत येऊन तोंडावर फेकायचं. खिडकी गेली म्हणजे थोरलीकडे बटणं आणि चेन एवढीच कामं राहणार. बटण कुणीही लावतं. ती तोंड फिरवून बाहेर बघत बसली. मालकांनी हातावरचा कोट पाठीमागे दिसेल त्या खुंटीला अडकवला आणि ते गवंड्यासोबत भिंत मोजायला मागच्या अंगाला उतरले.

"मालक, मी काय म्हणतो," गवंड्याचा आवाज खिडकीतून आत येत होता, "शेड त्या पलीकडच्या कुंपणाला लावा ना. एक भिंत आयती मिळते. विटा वाचतील."

"तू विटा लाव. डोकं मी लावतो."

मापं झाली आणि उन्हात बोलत बोलत दोघे मागूनच निघून गेले. कोट डाव्या खुंटीवर राहिला.

संध्याकाळी थोरलीनं तो काढला, तेव्हा तिला वाटलं, आजच्या गठ्ठ्यातला. राखाडी कोट. धुळीनं मातकट झालेला. कापड मात्र अस्सल, आता मिळणार नाही असं. तिनं कोट उलटा केला आणि तो कुणाच्या अंगावरचा असेल ते वाचायला लागली. ही तिची करमणूक होती. कॉलर चकचकीत, म्हणजे माणूस मान ताठ ठेवतो. पाच बटणांत दोन परकी, म्हणजे हात आखडता. डाव्या खिशाला भोक, पण ते फाटलेलं नाही, गोल आहे. म्हणजे हा गृहस्थ विचार करताना खिशात बोट घालून घुसवत बसतो. आणि कोपरावर रफू होतं. ते बघून मात्र थोरलीला राहवलं नाही.

"अगं, इकडे ये आणि हे बघ! कुणा बाईनं रफू केलंय की गाठोडं बांधलंय?"

धाकटी आली, तिनं कोपर दाबून पाहिलं. "टेंगूळ आलंय. बहुतेक नवऱ्यावर रागावून केलं असेल."

थोरलीनं ते रफू उसवलं.

एरवी अशा कोटाला तिनं एक दिवस दिला असता. पण गवंडी गुरुवारी विटा घेऊन येणार होता. उजेडात करायचं हे शेवटचं बारीक काम, असं मनात धरून तिनं त्या कोटात आपल्याला येत होतं ते सगळं ओतलं. दुमडीतून एकेक धागा ओढून कोपर असं विणलं की नखानं चाचपलं तरी कळू नये. कॉलर काढून उलटवून लावली. डब्यातून एकसारखी पाच बटणं निवडली. खिशाची अख्खी पिशवी बदलली. लोंबलेला खांदा उचलला, ब्रशनं मातकटपणा झाडला आणि शेवटी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली तेव्हा खालून पावसाळी ढगाचा रंग वर आला. एकच गोष्ट तिनं तशीच ठेवली: कॉलरच्या आत कोट अडकवायची छोटी फीत. जांभळी, कुठल्या तरी जुन्या झग्याची असावी. पण टाके पक्के होते. ज्यात खोट नाही त्याला ती हात लावत नसे.

धाकटीनं तो कोट मालकांच्या अंगावर दर महिन्याला पाहिला होता. तिनंही ओळखला नाही. उलट "हा दर्शनी लावते," म्हणून पुढे अगदी दारासमोर टांगला.

गुरुवारी सकाळी मागच्या अंगाला विटा उतरल्या, आणि मालक पुढच्या दारानं आत आले.

"वहिनी, सोमवारी माझा कोट इथं राहिला."

"कसला कोट?" धाकटी म्हणाली.

"राखाडी. ओळखायला सोपा आहे. डाव्या खिशाला भोक. दोन बटणं वेगळी. खांदा जरा उतरलाय. आणि कोपरावर आमच्या घरातून केलेलं रफू आहे, तसं रफू दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

मधल्या दारात थोरली उभी होती. मालकांचं वर्णन पुरं होण्याआधीच तिच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस आपला कोट त्याच्या खोटींवरून ओळखतो; आणि मालकांनी सांगितलेल्या एकूण एक खोटी तिनं स्वतःच्या हातानं काढल्या होत्या. त्या वर्णनाचा कोट आता जगात नव्हता. तिनं एकदा दारासमोरच्या कोटाकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे. धाकटीनं थोरलीची नजर गेली तिकडे पाहिलं आणि तिला खुंटी आठवली, स्वेटर आठवलं, सगळंच आठवलं.

"विकलात की काय?" मालकांचा आवाज चढला. "अहो, नोकरीला लागलो तेव्हाचा कोट तो!"

"मालक, ओरडू नका," धाकटी म्हणाली. "तुमचा कोट विकला नाही, हरवला नाही. याच दुकानात आहे. जाऊबाईंनी त्याला हात लावला, ही आमची चूक. पण आहे तो इथंच. तुम्ही बघा आणि घेऊन जा."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. थोरलीनं तोंड उघडलं. धाकटीनं मागे न बघता टाच तिच्या पायावर ठेवली.

मालक शोधायला लागले. त्यांची शोधायची पद्धत एकच. दांडीवरच्या प्रत्येक कोटाच्या डाव्या खिशात बोट घालायचं आणि भोक आहे का बघायचं. दारात विटांचा हिशेब विचारायला आलेला गवंडी ते पाहत उभा राहिला. तपकिरी कोट, काळा कोट, बायकांचा लांब कोट, सगळ्यांच्या खिशांत बोट गेलं आणि हात हलवत बाहेर आलं. दारासमोरच्या राखाडी कोटाच्या खिशातही गेलं. खिसा कोरा करकरीत. मालक पुढे सरकले.

थोरलीला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि टाच अजून पायावरच होती.

"नाहीये," मालक दांडी संपवून म्हणाले. "म्हणजे गेला. आता मला बदली कोट द्या. हा घेतो मी." आणि त्यांनी दारासमोरच्या राखाडी कोटावर हात ठेवला. मघापासून त्यांचा डोळा त्याच्यावरच होता हे धाकटीनं पाहिलं होतं.

"तो?" धाकटी गल्ल्यामागून उठून आली. "अहो, तो कुठं आणि तुम्ही सांगता तो भोकवाला कुठं! जाऊबाईंनी डोळ्यांचं पाणी केलंय त्याच्यावर. खिडकीच्या उजेडातलं शेवटचं काम. तो असाच कसा देऊ?"

"मग कसा देता?"

"खिडकी राहू द्या, कोट न्या."

"वा! एका कोटासाठी शेड सोडू?"

"शेड कशाला सोडता? कुंपणाला लावा," दारातून गवंडी म्हणाला. "सोमवारपासून सांगतोय मी."

मालकांनी कोट अंगात घातला. आरशापुढे उभे राहिले. खांदा बसला होता, बाही मनगटाशी जिथं थांबायला हवी तिथं थांबली होती. बसणार नाही तर काय? पण मालकांचा चेहरा असा झाला की जणू शिंप्यानं वर्षभर त्यांच्या मागे फिरून माप घेतलं असावं.

"माझ्याचसाठी शिवल्यासारखा आहे हो," ते हळूच म्हणाले.

"मालक, तो कोट..." थोरलीचा पाय एकदाचा सुटला होता.

"आता मागे फिरायचं नाही, वहिनी!" मालक घाईनं म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. खिडकी तुमची, कोट माझा. काय रे, ऐकलंस ना? उचल त्या विटा."

कोट खरोखरच त्यांचा होता, आणि ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. थोरलीला पुढे बोलायला जागा उरली नाही. मालक पायरी उतरले. जाता जाता त्यांचं डावं बोट खिशात गेलं, काहीतरी शोधू लागलं, आणि नुसतंच फिरत राहिलं.

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत धाकटीनं दम धरला. मग ती कपड्यांच्या ढिगात तोंड खुपसून हसली.

"हसतेस काय? फसवलं आपण त्यांना."

"मी एक शब्द खोटं बोलले का? सांगा. कोट इथंच आहे म्हटलं, होता. बघून घ्या म्हटलं, त्यांनी बोट घालून घेतलं."

"खोटं नाही बोललीस. पण खरंही नाही बोललीस."

"खोट तुम्ही काढलीत, जाऊबाई. मी नाही. जरा वाईट काम करायला शिका."

खिडकी वाचली होती, आणि दुसऱ्या सकाळी ऊन नेहमीसारखं थोरलीच्या मांडीवर येऊन बसलं. पण तिला ते उसनं आणल्यासारखं वाटत होतं. सुईत दोरा ओवताना दोनदा चुकला. तेवढ्यात पुढून धाकटीचा आवाज आला, जरा जास्तच गोड: "या, या, मालकीणबाई! इकडे कुठं?"

मालकीणबाई थेट मागे आल्या. बुटक्या, गोल, घामेजलेल्या. हातात तो कोट. त्यांनी तो थोरलीच्या मांडीवर टाकला आणि कॉलर उलटी करून जांभळ्या फितीवर बोट ठेवलं.

"ही माझ्या झग्याची. मी लावलेली. आता सांगा, माझं रफू कुणी उसवलं?"

थोरली उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. खुंटी, सोमवार, गुरुवार, मालकांचं बोट, खिडकी. रफूला आपण गाठोडं म्हटलं तेही सांगितलं, कारण आता लपवायचं कशाला? "मालकांना मी आजच सांगते," ती म्हणाली. "त्यांना खिडकी बुजवायची तर बुजवू देत. कोट त्यांचा तो त्यांचाच."

मालकीणबाई खुर्चीवर बसल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. थोरलीला आधी वाटलं, रडतात. मग कळलं.

"खबरदार सांगाल तर!" त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आमच्याकडचे काल कोट घालूनच जेवले. मला गोष्ट सांगितली, तीनदा. भोकाचा कोट देऊन हा कसा मिळवला, दोघी बायांना कशा बोलण्यात गुंडाळल्या. रात्री त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला तेव्हाच फीत दिसली होती मला. पण इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा आरशात बघून हसला. आता त्यावर पाणी ओतू?"

"पण रफूचं..."

"ते वाईट झालं," मालकीणबाई गंभीर झाल्या. "गाठोडं होतं हे मलाही माहीत आहे. चार दुपारी बसले होते त्याच्यावर. तुम्ही ते किती वेळात उसवलंत?"

थोरलीनं खाली पाहिलं. खरं उत्तर फार थोड्या वेळाचं होतं. दुसऱ्याच्या चार दुपारी तिनं हसत हसत ओढून काढल्या होत्या, आणि तेव्हा तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलं ना? मग भरा. मला शिकवा. रोज दुपारी येईन. आमचे ते झोपले की घरात मी आणि घड्याळ. या खिडकीत दोघींची मांडी मावते."

"मावते की."

"आणि अजून एक. त्यांना झोप लागली नाही काल. कोट खुर्चीवर, हे उठून उठून खिशात बोट घालतात. काहीतरी चुकतंय म्हणतात, काय ते कळत नाही. तेवढं भोक परत करून द्या."

आयुष्यात थोरलीनं कपड्यात खोट घातली नव्हती. कात्री हातात घेऊन ती बराच वेळ बसली. मग तिनं डाव्या खिशाच्या तळाशी बोट जाईल एवढी चीर दिली आणि, हाताला राहवेना म्हणून, तिच्या कडेनं काजाचे टाके घातले. बारीक, एकाला एक लागून. बटण नसलेलं काज. मालकीणबाई शेजारी बसून बघत होत्या. पहिला धडा तोच झाला.

पुढच्या महिन्यात मालक भाडं घ्यायला आले तेव्हा कोट अंगावर होता आणि डावा हात खिशात. "सुरुवातीला जरा परका वाटत होता," ते धाकटीला म्हणाले, "पण आता अंगवळणी पडला बघा. अगदी माझा वाटतो." धाकटीनं ओठ इतके घट्ट मिटले की दुखले.

हिशेब घालायचाच तर असा. मालकांनी खिडकी दिली आणि आपलाच कोट घेतला, आणि अजून जो भेटेल त्याला हा सौदा सांगतात. मालकीणबाईंनी आपलं रफू दिलं आणि दुपारी घेतल्या. त्यांचं दुसरं रफू टेंगळाइतकं नाही, फोडाइतकं येतं. धाकटीला एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवावी लागते, आणि तिच्यासारखीला ते स्वस्त पडत नाही. थोरलीनं आपली मान एकदा खाली घातली, एक खोट दिली आणि आपला उजेड ठेवला, त्यातला अर्धा आता मालकीणबाईंच्या मांडीवर असतो.

राहिला गवंडी. ज्याला यात काहीच मिळायचं नव्हतं, त्यानं विटा आणल्या, उचलल्या आणि कुंपणाकडे वाहिल्या. तो एक दिवस मागच्या दारानं आला. "माझ्या पाठीचं काय?" म्हणाला, आणि खांद्यावर उसवलेला सदरा काढून त्यानं डाव्या खुंटीला अडकवला. मग तिथंच उंबऱ्यावर, उघड्या अंगानं, सदऱ्यावर नजर रोखून बसला. चहा पुढे ठेवला आहे म्हणून धाकटीनं दोनदा हाक मारली. तो जागचा हलला नाही.